फाईलीलाही फेरफार हवा

कोकणात सातबारा म्हणजे काय ते कोणाला समजावून सांगावं लागत नाही. एकेका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं, त्यातली अर्धी मुंबईला, दोघं-तिघं वारलेले आणि वारसनोंद अजून व्हायची आहे, हे घरोघरचं आहे. वाद उभा राहिला की वकील पहिला काय विचारतो? फेरफार काढलात का. कारण सातबारा आज काय आहे तेवढंच सांगतो, ते तसं कसं झालं, कधी झालं, कशाच्या आधारावर झालं हे गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत, सापडतं. जुनं नाव खोडरबराने पुसत नाहीत, त्याला कंस करतात आणि फेरफाराचा नंबर टाकतात. तलाठी नोंद धरतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. वेळ लागतो, चुका होतात, सगळं मान्य आहे, पण नंबर धरून मागे मागे जात पणजोबांच्या नावापर्यंत पोचता येतं.

आता कंप्युटरवरच्या आपल्या कामाकडे बघा. सोसायटीची यादी, बागायतदारांचा हिशोब, देवळाची वर्गणी, नळपाण्याची थकबाकी, सगळं एक्सेलमध्ये आलंय आणि त्यातल्या एकाही फाईलीला फेरफार नाही. दिसतोय तो आकडा खरा मानायचा, नाहीतर भांडायचं.

माझं म्हणणं असं आहे की गिट, म्हणजे फाईलीतला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारा प्रोग्राम, आणि थोडंसं शेल स्क्रिप्टिंग, म्हणजे कंप्युटरला द्यायच्या कमांडी एका फाईलीत लिहून एकदम चालवणं, हे फक्त प्रोग्रामर लोकांपुरतं राहता कामा नये. कोकणातल्या प्रत्येक कॉलेजात, आयटीआयत, तालुक्याच्या प्रत्येक कंप्युटर क्लासात ते टायपिंग आणि एक्सेलच्या बरोबरीने शिकवलं पाहिजे, बीए-बीकॉमच्या पोरांना पण, आणि बाकी महाराष्ट्राच्या आधी आपल्याकडे शिकवलं पाहिजे. का, ते सांगतो.

मी देवगड तालुक्यातला. पुण्यात सहा वर्षं सॉफ्टवेअरचं काम केलं, २०२० ला घरी आलो, आणि आता आमच्या भागातल्या आंबा बागायतदारांच्या एका गटाचं कंप्युटरचं काम बघतो. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेलं. आंबा काढणीचेच दिवस होते, झाडावरचा आंबा तर गेलाच पण वर्षानुवर्षं वाढवलेली कलमं मुळासकट आडवी झाली. आमच्या वाडीत अकरा दिवस लाईट नव्हती, मोबाईलला रेंज हवी तर सड्यावर चढून जायचं. पंचनामे सरकारी लोक करत होतेच, पण गटाची स्वतःची यादी हवी म्हणून आम्ही तीन पोरांना कामाला लावलं, २१४ सभासद, प्रत्येकाची किती कलमं पडली, किती उभी करता येतील, किती गेली.

तीन पोरं, तीन लॅपटॉप, पेनड्राईव्हवरून इकडून तिकडे. आठ दिवसांत त्या यादीच्या सात फाईली झाल्या, यादी फायनल, यादी फायनल दोन, यादी फायनल दुरुस्त, अशा. त्यातल्या कुठल्यातरी एका टप्प्यावर कोणीतरी नावं अकारविल्हे लावायला गेलं आणि फक्त नावांचा कॉलम सॉर्ट झाला, शेजारचा आकड्यांचा कॉलम होता तसाच राहिला. एक्सेल त्यावेळी विचारतं, बाजूचे कॉलम पण घेऊ का म्हणून, घाईत चुकीचं बटण दाबलं गेलं असणार. फाईल दिसायला एकदम व्यवस्थित. बेरीज पण तीच, कारण आकडे सगळे होतेच, फक्त दुसऱ्याच माणसांसमोर होते.

हे कळलं कधी, तर यादी वाचून दाखवायला बसलो तेव्हा. एक म्हाताऱ्या काकी खळ्यात माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझी सतरा कलमा पडली, हय तीन कशी रे झिला?" मी फाईल उघडली, तीनच होते. आधीची उघडली, तिच्यात नऊ. त्या आधीची एकाच्या लॅपटॉपवर होती आणि तो लॅपटॉप चार्ज नव्हता. काकींना वाटलं त्यांना डावललं, मुद्दाम, कारण त्यांच्या घरात बोलणारं पुरुष माणूस कोणी राहिलेलं नाही. तो त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही. कोणीच काही मुद्दाम केलं नव्हतं, पण ते सिद्ध करायला आमच्याकडे काहीही नव्हतं. शेवटी पुन्हा घरोघर जाऊन मोजणी केली.

हीच यादी साध्या टेक्स्ट फाईलीत, म्हणजे सीएसव्हीमध्ये असती आणि तो फोल्डर गिटमध्ये असता तर काय झालं असतं ते नीट सांगतो, कारण सगळा मुद्दा इथेच आहे. काम सुरू करताना फोल्डरमध्ये एकदा गिट इनिट करायचं, म्हणजे गिट तिथे नोंद ठेवायला लागतं. मग दिवसभरात जे बदललं ते गिट अ‍ॅड करायचं आणि गिट कमिट म्हणून एक ओळ लिहायची, आज काय बदललं आणि का. बस. गिट अ‍ॅड करण्याआधी गिट डिफ म्हटलं की नुसत्या बदललेल्या ओळी दिसतात, जुनी ओळ लाल, पुढे वजाचं चिन्ह, नवी ओळ हिरवी, पुढे अधिकचं चिन्ह. ज्या दिवशी एका माणसाचा आकडा दुरुस्त केला त्या दिवशी एक लाल आणि एक हिरवी ओळ दिसायला हवी. त्या सॉर्टच्या दिवशी स्क्रीनभर लालच लाल दिसलं असतं, जवळजवळ २१४ च्या २१४ ओळी, आणि नववी पास पोराला पण कळलं असतं की काहीतरी भयंकर झालंय, थांब. आणि समजा तेव्हा लक्षात आलं नसतं तरी नंतर गिट लॉगने, म्हणजे सगळ्या कमिटांच्या यादीने, मागे जात, कोणत्या तारखेला कोणाच्या हातून सतराचे तीन झाले ते दोन मिनिटांत सापडलं असतं. खळ्यात, काकींच्या समोर.

चूक सापडली की गिट रिव्हर्ट करायचं. ते काय करतं, तर जुनी नोंद पुसत नाही, तिच्या उलटी नोंद नव्याने घालतं. कीर्द लिहिणाऱ्या जुन्या दिवाणजींना हे लगेच पटेल. आणि प्रत्येक कमिटला जो ४० अक्षरांचा नंबर मिळतो तो त्यातल्या मजकुरावरून आणि आधीच्या कमिटवरून निघतो, त्यामुळे कोणी मागची एखादी नोंद गुपचूप बदलली तर तिथून पुढचे सगळे नंबर बदलतात. बदलता येतच नाही असं नाही, पण बाकीच्यांकडे कॉपी असेल तर लपत नाही.

आता कोकणात आधी का. दोन कारणं आहेत आणि त्यातलं पहिलं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे माणूस टिकत नाही. हे दुःखाचं आहे पण खरं आहे, पिढ्यान्पिढ्या आपली घरं मनीऑर्डरवर चालली, आता गुगल पे वर चालतात एवढाच फरक. गावात कंप्युटर येणारं एखादं पोरगं असतं, बारावी नाहीतर ग्रॅज्युएशन होईपर्यंत तेच सगळं सांभाळतं, गटाची यादी, मंडळाचा हिशोब, शाळेच्या कार्यक्रमाच्या पत्रिका, आणि एक दिवस त्याला ठाण्याला नाहीतर पनवेलला नोकरी लागते आणि ते निघून जातं. फाईली राहतात, त्यातलं शहाणपण त्याच्याबरोबर जातं. पाठच्या पोराला कळत नाही की हा कॉलम कशासाठी आहे, ह्या माणसाची वर्गणी निम्मी का लिहिली आहे, तो दोन महिने फोन करत राहतो आणि मग स्वतःच्या अंदाजाने चालवतो. गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा निम्मे हिशोब खळ्यात बसून आठवणीवर सोडवले जातात आणि आठवणीवर सोडवलेल्या हिशोबातून किती भावकीची भांडणं उभी राहिली ते मी सांगायला नको. जिथे माणसं पन्नास-पन्नास वर्षं एकाच खुर्चीत बसतात तिथे एक वेळ चालेल, आपल्याकडे दर दोन-तीन वर्षांनी हात बदलतो, म्हणून का बदललं ते फाईलीच्या बरोबर राहायला हवं. कमिटची ती एक ओळ म्हणजे जाणाऱ्या पोराने येणाऱ्या पोरासाठी ठेवलेली चिठ्ठी आहे.

दुसरं कारण लाईट आणि नेट. लोकांना वाटतं गिट म्हणजे गिटहब ही वेबसाईट, म्हणजे नेट हवं, अकाउंट हवं. तसं अजिबात नाही. गिट हा प्रोग्राम २००५ चा, गिटहब आलं २००८ ला. गिट जन्माला आलं ते लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामासाठी, जगभर पसरलेली माणसं त्यावर काम करत होती, आधी जे बिटकीपर नावाचं सॉफ्टवेअर ते वापरायचे त्याची फुकट सवलत बंद झाली, तेव्हा लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने एप्रिल २००५ मध्ये स्वतःच लिहायला घेतलं आणि चार-पाच दिवसांत गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला. त्याची मूळ कल्पनाच ही की प्रत्येकाच्या मशीनवर पूर्ण इतिहास असतो, मधला एक मोठा सर्व्हर हवाच असं नाही. जून-जुलैत चार दिवस रेंज नाही? काम चालू, कमिट चालू, लॉग बघणं चालू. पेनड्राईव्हवर एक बेअर रिपॉझिटरी, म्हणजे नुसत्या इतिहासाची कॉपी, करून ठेवली की तिच्यावर पुश करायचं, म्हणजे आपल्या नोंदी पाठवायच्या, तो पेनड्राईव्ह दुसऱ्याने घेऊन पुल करायचं, म्हणजे त्या आपल्याकडे घ्यायच्या, एसटीने पाठवला तरी चालतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा किती दुकानांचे, ऑफिसांचे कंप्युटर चिखलात गेले ते आपण सगळ्यांनी बघितलंय. पूर्ण इतिहासासकट दुसरी कॉपी दुसऱ्या गावात असणं ही आपल्याकडे चैन नाही, गरज आहे.

यावर लोक मला म्हणतात, अरे गुगल शीटमध्ये पण हिस्ट्री असते की. असते, आणि दहा जणांनी एकाच वेळी भरायचं असेल तर शीट चांगलंच आहे, मीही वापरतो. पण शीट काय बदललं ते सांगतं, का बदललं ते लिहायला लावत नाही. शिवाय ते ज्याच्या अकाउंटवर आहे तो माणूस गेला, पासवर्ड विसरला, की सगळं त्याच्याबरोबर. गटाचं रेकॉर्ड कोणा एकाच्या जीमेलवर असणं मला पटत नाही. दुसरे म्हणतात आता एआय सगळं लिहून देतं, शिकायचं कशाला. उलट आहे हो! एआयने तुमच्या फाईलीत पन्नास ठिकाणी हात घातला तर त्याने नेमकं काय बदललं हे डिफशिवाय कसं कळणार? ज्याला डिफ वाचता येतो तोच अशा मदतीवर विश्वास टाकू शकतो.

शेलबद्दल. वादळानंतरचे फोटो होते ६४० च्या आसपास, दोन मोबाईलवर काढलेले, नावं म्हणजे नुसती तारीख आणि आकडे. ते सर्व्हे नंबरप्रमाणे फोल्डरांत लावले होते पण प्रत्येक फोटोला नाव द्यायचं होतं. दोन पोरं दीड दिवस राईट क्लिक, रिनेम, राईट क्लिक, रिनेम करत होती, डोळे लाल, आणि दीडशेच्या वर गेली नव्हती. मग बसून आठ ओळींची स्क्रिप्ट लिहिली. प्रत्येक फोल्डर घे, आतला प्रत्येक फोटो घे, फोल्डरचं नाव आणि पुढे एक, दोन, तीन असं नाव दे. आधी खरं रिनेम न करता इको लावून नुसतं छापून बघितलं की काय होणार आहे, पोरांनी यादीवर बोट ठेवून तपासलं, मग एमव्ही ही नाव बदलणारी कमांड लावली, तीही एनच्या ऑप्शनसकट, म्हणजे त्या नावाची फाईल आधीच असेल तर तिच्यावर लिहिलं जात नाही. चालवायला काही सेकंद लागले. पोरं कितीतरी वेळ नुसती बघत राहिली.

यात दोन खाचा होत्या, शिकणाऱ्याने लक्षात ठेवाव्यात अशा. आपण हिस्सा लिहिताना ४५/२ असं लिहितो पण फाईलीच्या नावात तिरकी रेघ चालत नाही, कंप्युटरला ती फोल्डरची खूण वाटते, म्हणून आडवी रेघ वापरायची. आणि नावात मोकळी जागा असेल तर स्क्रिप्टमध्ये ते नाव डबल अवतरणात घालायचंच, नाहीतर एका नावाचे दोन तुकडे होतात. आरएम ही फाईल पुसणारी कमांड मात्र नवशिक्याने स्क्रिप्टमध्ये घालूच नये असं माझं मत आहे, तिथे रिसायकल बिन नसतो.

शेल शिकण्यात मला आवडतं ते हे की ते जुनं होत नाही. बॅश हे शेल १९८९ चं आहे आणि एका कमांडचं उत्तर दुसरीला देणारा पाईप १९७३ पासून युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आहे. एक्सेलचा मेनू बदलला की आपली पोरं गोंधळतात कारण त्यांना बटणाची जागा पाठ करून घेतलेली असते. लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करवून घेणं, समजलेल्या पोराला कुठल्याही मशीनवर समजतो. विंडोजवर गिट टाकलं की गिट बॅश त्याच्याबरोबर येतंच, वेगळा खर्च शून्य, आणि ज्याच्याकडे लॅपटॉप नाही त्याला अँड्रॉइडवर टर्मक्स हे अ‍ॅप चालतं.

मराठीत काम करणाऱ्याला काही अडचणी जास्तीच्या येतात आणि त्या कोणी सांगत नाही म्हणून पोरं पहिल्याच दिवशी घाबरून सोडतात. फाईलीचं नाव मराठीत ठेवलं की गिट स्टेटसमध्ये नावाच्या जागी तिरक्या रेघा आणि ३४०, २४४ असले आकडे दिसतात, फाईल बिघडलेली नसते, गिट कॉन्फिगमध्ये कोअर डॉट कोटपाथ फॉल्स केलं की मराठी नीट दिसतं. एक्सेलमधून सीएसव्ही सेव्ह करताना यूटीएफ-८ वाला पर्याय निवडायचा, नाहीतर सगळी नावं प्रश्नचिन्हं होऊन बसतात. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाईप केलेलं असेल तर आधी युनिकोड करून घ्या. आणि "शेतकऱ्यांची" असल्या शब्दातला तो ऱ्य दोन-तीन पद्धतीने टाईप होतो, डोळ्याला सारखाच पण आत वेगळा, त्यामुळे शोधताना सापडत नाही आणि डिफमध्ये काही बदललेलं दिसत नसताना ओळ लाल येते. एकदा ठरवायचं की सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरायचा. वर्डच्या फाईली गिटमध्ये ठेवता येतात पण ओळीओळीचा फरक नीट दिसत नाही, म्हणून याद्या आणि नोंदी साध्या टेक्स्टमध्येच असाव्यात यावर मी अडून बसतो.

एक गोष्ट मात्र फार जपून. यादीत लोकांचे बँक खाते नंबर, आधार नंबर असतात. ते गिटमध्ये घालू नका, वेगळ्या फाईलीत, कुलपात ठेवा, आणि अशी यादी गिटहबवर सार्वजनिक तर कधीच टाकू नका. इतिहास जपणं हा गिटचा गुण इथे उलटतो, आज घातलेला नंबर उद्या फाईलीतून काढला तरी मागच्या कमिटमध्ये तसाच राहतो. हे शिकवल्याशिवाय गिट शिकवणं धोक्याचं आहे.

खर्चाचं कारण कोणी देऊ नये. गिट फुकट आहे, मुक्त परवान्यातलं आहे, आठ-दहा वर्षं जुन्या मशीनवर व्यवस्थित चालतं, इन्स्टॉलर पेनड्राईव्हवर मावतो. एमएस-सीआयटी २००१ ला आलं तेव्हा पण लोक म्हणत होते गावच्या पोरांना माऊस कशाला, आणि त्याच कोर्समुळे हजारो घरांत पहिल्यांदा कंप्युटर येणारं माणूस तयार झालं. आता पुढची पायरी तशीच घ्यायला हवी. मी मागतोय ते फार नाही, आठवड्याला दोन तासांचं प्रॅक्टिकल, एक सेमिस्टर, आणि परीक्षा म्हणून प्रश्नपत्रिका नको, पोराने गावातली एक खरी यादी घ्यावी, फवारणीची घ्या, कारण युरोपला आंबा पाठवायचा तर मँगोनेट या सरकारी ऑनलाईन यंत्रणेवर बागेची नोंदणी आणि कधी काय फवारलं त्याचा हिशोब लागतोच, ती यादी तीन महिने गिटमध्ये सांभाळावी आणि मास्तरांनी फक्त लॉग वाचावा. "अपडेट", "बदल", "बदल २" असं लिहिलं असेल तर नापास. कोणाच्या सांगण्यावरून, काय बघून बदललं ते लिहिलं असेल तर पास.

आमच्या गटाची यादी जून २०२१ पासून गिटमध्ये आहे. जो पोरगा ती सांभाळायचा तो ह्या वर्षी नोकरीला मुंबईला गेला आणि आता बारावी झालेली एक मुलगी बघते. पहिल्या दिवशी मी तिला फक्त गिट लॉग दाखवला आणि चहा करायला आत गेलो. परत आलो तर ती अगदी सुरुवातीच्या नोंदींपर्यंत पोचली होती, काकींच्या ओळीपाशी, तीनच्या जागी सतरा, खाली लिहिलेलं, "बागेत जाऊन दोघा सभासदांसमोर पुन्हा मोजली." त्याच्या पुढची नोंद ऑक्टोबरची, सतराच्या जागी पंधरा, आणि खाली, "दोन कलमं आधार देऊन उभी केली होती, पालवी फुटली, म्हणून पडलेल्यांतून काढली." तिने मला त्याबद्दल काही विचारलं नाही. कॉन्फिगमध्ये जुन्या पोराचं नाव होतं ते बदलून स्वतःचं टाकलं आणि त्या आठवड्याची फवारणी भरायला घेतली.